स्वीकार कशाचा आणि कोणी करायचा?

दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन प्रशिक्षणाला आम्ही बसलो होतो. विषय होता ‘स्वीकार आणि बांधिलकी थेरपी’, इंग्रजी आद्याक्षरांवरून जिला ‘ॲक्ट’ म्हणतात ती. पहिल्याच तासाला मॅडमनी सांगितलं, दुःखाशी झगडणं थांबवा, त्याचा स्वीकार करा. आम्ही परळीत, वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत, पाण्याच्या जारला मोबाइल टेकवून ऐकत होतो. डोक्यात तिडीक गेली. स्वीकार करा? आमच्या आजा-पणजाला दुसरं काय सांगितलं होतं? गावकुसाबाहेरचं राहणं स्वीकारा, मेलेलं ढोर ओढणं स्वीकारा, मागच्या जन्मीचं आहे म्हणून गप्प स्वीकारा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते हा स्वीकार मोडायलाच गेले. त्याला शंभर वर्षं होत आली, आणि आता तीच भाषा मानसशास्त्राचा कोट घालून वस्तीत येणार असेल तर तिला दारातच अडवली पाहिजे, असं त्या क्षणी वाटलं.

तरी मोबाइल बंद केला नाही. कारण त्या वेळी आमच्याकडे दोन पोरं येत होती आणि त्यांच्यासाठी काय करावं हे आम्हाला सुचत नव्हतं. हा लेख त्या दोघांबद्दल आहे, आणि त्या एका शब्दाशी आमचं जे भांडण झालं त्याबद्दल आहे. भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि समाजकार्यात पडलो. दोन्ही पोरांचं निदान अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी केलेलं आहे. औषध द्यायचं की नाही, किती द्यायचं, हा निर्णय त्यांचा. आमचं काम दोन भेटींच्या मधलं. त्यासाठी संभाजीनगरच्या एक मानसशास्त्रज्ञ फोनवर मार्गदर्शन करतात. आणि दोन्ही घरी विचारूनच हे लिहितो आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिला तेरा वर्षांचा. आई-वडील कोयत्यावर जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि पाडव्याच्या आसपास माणसं परत येतात. मधले पाच-सहा महिने हा आजीजवळ. एडीएचडी आहे. म्हणजे लक्ष एका जागी ठरत नाही, अंग एका जागी ठरत नाही, मनात आलं की हात पुढे गेलेला असतो. दुसरा एकोणीस वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे. मराठीत ह्याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. आम्हाला तो शब्द पटत नाही. हा पोरगा स्वतःत मग्न नसतो, उलट बाहेरचं सगळं त्याच्या अंगावर जास्तच येतं. मिक्सर, कुकरची शिट्टी, लग्नाचा बँड, ट्यूबलाइटची घरघर, काहीच त्याला गाळता येत नाही. बोलतो कमी. पण परळी वैजनाथ स्टेशनवरून कुठली गाडी किती वाजता सुटते ते त्याला पाठ आहे, आणि कालची किती उशिरा सुटली तेही.

शहरातल्या सोसायटीत हेच मूल जन्मलं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोणीतरी म्हणतं, एकदा तज्ज्ञांना दाखवा. आमच्या वस्तीत त्याच खोडीला ‘उनाड’ म्हणतात, ‘वळण नाही’ म्हणतात, आणि शाळेच्या व्हरांड्यात हळू आवाजात ‘ह्यांच्यात असंच असतं’ म्हणतात. हे शेवटचं वाक्य आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय. एडीएचडी हा मेंदूच्या घडणीचा भाग आहे, पण त्याला नाव कोणतं मिळणार हे मात्र पोराची जात आणि बापाचा पगार ठरवतो.

आता थेरपीकडे. स्टीव्हन हेज नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात ही पद्धत बांधायला घेतली. सहकाऱ्यांबरोबरचं तिचं मूळ पुस्तक १९९९ ला आलं. हेज यांना स्वतःलाच भीतीचे झटके येत असत. जितकं दाबावं तितकी भीती वाढते, हे त्यांनी अंगावर अनुभवलं होतं. त्यामुळे ह्या पद्धतीत स्वीकार आहे तो आतल्या गोष्टींचा. मनात आलेली भीती, लाज, राग, छातीतली धडधड यांना हाकलण्यात सगळी ताकद घालवू नका. त्यांना सोबत घेऊन, जे तुम्हाला मोलाचं वाटतं त्या दिशेने पाऊल टाका. पाऊल टाकणं हा त्यातला अर्धा भाग आहे, म्हणून नावात बांधिलकी आहे. हे कळलं तेव्हा आमचा राग थोडा उतरला. महाडला चवदार तळ्याकडे निघालेल्या माणसांना भीती वाटली नसेल का? वाटलीच असणार. भीती जाईपर्यंत ते थांबले असते तर अजून थांबलेलेच असते.

पण सगळा राग उतरला नाही. संयुत्त निकायात दोन बाणांचं एक सुत्त आहे. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना. मग तो शोक करतो, आक्रोश करतो, तो दुसरा बाण. शहाणा माणूस दुसरा बाण लावून घेत नाही. ह्या थेरपीतली माणसं हे सुत्त आवडीने सांगतात आणि आम्हालाही ते पटतं. पण वस्तीत बसल्यावर आणखी एक प्रश्न सुटत नाही: पहिला बाण मारतंय कोण, आणि तो रोज सकाळी अकराच्या घंटेला का मारतोय? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतच चार आर्यसत्यांबद्दल शंका घेतली आहे, त्यांनी धम्माला निराशेची छटा येते असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ गृहत्याग करतो तो म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून नव्हे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेल्या वादातून करतो. दुःखाचं मूळ दोन माणसांच्या मधेही शोधायचं असतं, हे आम्ही तिथून शिकलो. म्हणून आम्ही ठरवलं की ही पद्धत घ्यायची, पण जशीच्या तशी नाही.

पहिला प्रयोग आमच्याच हाताने फसला. रविवारी विहारात मुलांचं आनापान घ्यायचो. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, हलू नका. तेरा वर्षांचा हा पोरगा पाऊण मिनिट बसला असेल. मग शेजारच्याला कोपर, मग खिडकी, मग घंटा. आम्ही म्हणालो, “जा, बाहेर जाऊन बस.” तो गेला, आणि तीन रविवार आला नाही. चौथ्या रविवारी आजीच म्हणाली, “साळंतून बी भायेर, तुमच्या इथून बी भायेर. लेकरानं बसावं कुठं?” आम्हाला उत्तर नव्हतं. ज्या शाळेविरुद्ध आम्ही निवेदन लिहायला बसलो होतो, तिचंच काम आम्ही बुद्धमूर्तीपुढे केलं होतं.

त्या आठवड्यात चूळपंथकाची गोष्ट पुन्हा वाचली. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती आहे. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक, तोही भिक्खूच, म्हणाला की तुझ्याच्याने हे होणार नाही, निघून जा. जीवक वैद्याकडच्या भोजनाला जाणाऱ्या भिक्खूंमध्येही त्याने ह्याला मोजलं नाही. चूळपंथक निघाला, तर दारात तथागत उभे. त्यांनी त्याला गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरं फडकं दिलं, म्हणाले, उन्हाकडे तोंड करून बस, हे हाताने चोळत राहा आणि ‘रजोहरणं’ म्हणत राहा. चोळता चोळता फडकं मळलं, आणि जे चार महिन्यांत पाठांतराने कळलं नाही ते त्याला हातातून कळलं. अट्ठकथा पुढे असंही सांगते, की मागच्या एका जन्मी तो कोणा मंदबुद्धी भिक्खूला हसला होता म्हणून ह्या जन्मी असा झाला. हा भाग आम्ही सोडून देतो. मागच्या जन्माचं कर्म पुढे करण्याने समाज गरिबाच्या आणि दुबळ्याच्या अवस्थेची जबाबदारी झटकून टाकतो, असं बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिलं आहे. पण फडक्याचा भाग सोन्यासारखा आहे. विद्यार्थी चुकीचा आहे असं बुद्धाने म्हटलं नाही, पद्धत बदलली.

परळीत फडक्याची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. थर्मलच्या राखेने सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी करडी होते. आम्ही त्या पोराला पांढरं फडकं दिलं आणि म्हटलं, डोळे मिटू नको, श्वास बघू नको. ही काच पूस, पण हळू. थंड लागतंय का बघ, खरखर कुठे लागते बघ, फडक्याचा रंग कधी बदलला ते सांग. चार मिनिटं झाली. त्याच्या आयुष्यातली बहुधा पहिली चार मिनिटं, ज्यात कोणी ‘नीट बस’ म्हटलं नाही.

पुढच्याच रविवारी एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला धारेवर धरलं. “झाडू-फडकं हातातून सुटावं म्हणून बाबासाहेबांनी हाडाची काडं केली, आणि तुम्ही विहारातच आपल्या लेकराच्या हातात फडकं देता?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. फडकं कोणाच्या हातात आहे ह्यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि आमच्या पोराच्या हातात ते दिसलं की बघणाऱ्याला त्यात ध्यान दिसत नाही. त्यावर बरीच चर्चा झाली, थोडा आवाजही चढला. शेवटी ठरलं की पाळीपाळीने सगळ्यांनी पुसायचं: आम्ही, अध्यक्ष, पोरं, पोरी. आणि फडकं नको असेल त्याने पाय मोजत विहाराला फेरी मारावी. कार्यकर्ते काका अजून नाराज आहेत, पण त्यांचीही पाळी येते आणि ते पुसतात.

एकोणीस वर्षांच्या पोराबरोबर अडचण वेगळी. ह्या थेरपीत उपमा फार. मन म्हणजे आकाश, विचार म्हणजे ढग. विचार म्हणजे ओढ्यातून वाहत जाणारी पानं. आम्ही त्याला म्हणालो, समज तू ओढ्याकाठी बसलायस आणि प्रत्येक विचार एका पानावर ठेवतोयस. त्याने विचारलं, “कुठला ओढा?” आम्ही म्हणालो, कुठलाही. “पाणी आहे का त्याला?” आहे समज. “पान बुडालं तर?” इथे आमचं प्रशिक्षण संपलं. चूक त्याची नव्हती. आमची उपमा ढिसाळ होती आणि त्याला ती नेमकी हवी होती.

मग आम्ही उपमा सोडली आणि त्याला घेऊन रुळाजवळ, कुंपणाच्या अलीकडे गेलो. थर्मलला कोळशाची मालगाडी येते. तो डबे मोजतो. कधी अठ्ठावन्न भरतात, कधी एकोणसाठ. आम्ही एवढंच म्हटलं, डब्यात काय आहे ते बघायला तू गाडीत चढतोस का? “नाही. चढायला बंदी आहे.” विचार आला की असंच मोजायचं, चढायचं नाही. हे त्याला लगेच पटलं, कारण ते खरं होतं आणि त्याला नियम होता. आता त्याच्या वहीत नोंदी असतात. ‘आज २३ विचार. २ मध्ये चढलो.’

‘कसं वाटतंय?’ हा प्रश्नही बंद केला. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांना भावनेला नाव देणं अवघड जातं, त्यामुळे हा प्रश्न म्हणजे न शिकवलेल्या धड्यावरची परीक्षा होते. त्याऐवजी आम्ही माणसाच्या अंगाचं चित्र पुढे ठेवतो आणि विचारतो, कुठे? तो पोटावर किंवा जबड्यावर बोट ठेवतो. तेवढं पुरतं. डोळ्यांत बघून बोल असं म्हणत नाही. ‘थोडा वेळ बस’ असं म्हणत नाही, ‘सात मिनिटं’ म्हणतो आणि सातव्या मिनिटाला उठतो. धाकट्याच्या बाबतीत, घरी करायला तीन गोष्टी देत नाही, एकच देतो, आणि ती तोंडी न सांगता दप्तराच्या पट्ट्याला लाल दोरा बांधून देतो. विसरला तर रागवत नाही. विसरणं हीच तर त्याची अडचण आहे. त्यावरून रागवायचं म्हणजे लंगड्याला लंगडतो म्हणून मारण्यासारखं.

आता ज्या ठिकाणी आम्ही पद्धतीच्या आतच हात घातला त्याबद्दल. ॲक्टमध्ये विचारापासून अंतर घ्यायला शिकवतात. ‘माझ्या डोक्यात भुसा आहे’ असं म्हणायचं नाही. ‘माझ्या डोक्यात भुसा आहे, असा विचार मला येतोय’ असं म्हणायचं. विचार खरा की खोटा ह्यावर वाद घालत बसू नये, असा त्यांचा सल्ला. आम्ही तेरा वर्षांच्या पोराला हे शिकवलं. तो म्हणाला, “पण मला नाही येत तो इचार. सर म्हणतेत तसं.”

आम्ही त्या रात्री मॅडमना फोन केला. त्यांना आधी हसू आलं आणि मग त्या गप्प झाल्या. पुढच्या भेटीपासून आम्ही एक प्रश्न वाढवला: हे वाक्य कोणाचं? कागदाचे दोन भाग केले. एका बाजूला दुसऱ्यांनी पेरलेली वाक्यं, दुसऱ्या बाजूला स्वतःची. पहिली बाजू भराभर भरली. भुसा, माकड, ढ, ह्याला कशाला शिकवता, आईबापाबरोबर धाडा उसाला. ही वाक्यं मनात घेऊन शांत बसायला आम्ही त्याला सांगणार नाही. ती जिथून आली तिथे परत नेऊन द्यायची, आणि ते काम त्याचं नाही, आमचं. आम्ही मुख्याध्यापकांना भेटलो. एकदा नाही, चारदा.

दुसऱ्या बाजूला बराच वेळ काहीच नव्हतं. मग त्याने एकच वाक्य लिहिलं. ‘माय मला नेत नाही कारण मी फडातून पळतो.’

हे वाक्य कोणी पेरलं नव्हतं. आणि ते अर्धं खरंही होतं. दोन वर्षांपूर्वी तो फडातून ट्रॅक्टरच्या मागे पळाला होता आणि आईने तेव्हापासून त्याला आजीजवळ ठेवला होता. इथे मात्र ती थेरपी आम्हाला खरी लागली. संध्याकाळी आईची आठवण येते तेव्हा तो तोडफोड करतो, हे आम्हाला तोवर कळलंच नव्हतं. आठवण येऊ नये असं काही औषध नाही. ‘रडू नको, मर्द आहेस’ हे तर निव्वळ खोटं. आठवण आली की कुठे दुखतं ते बघायचं (“हितं, नरड्यात”), फडकं हातात घ्यायचं किंवा पाय मोजायचे, आणि ती आठवण तशीच सोबत ठेवून आठ वाजता आईला फोन लावायचा. ह्याला आम्ही आता स्वीकार म्हणतो. ‘माकड’ला नाही.

असाच फरक आवाजाच्या बाबतीत करावा लागला. ह्या पद्धतीत टाळाटाळीबद्दल बरंच सांगितलेलं आहे: नकोशा अनुभवापासून पळत राहिलं की आयुष्य आकसतं. साधारण माणसाच्या भीतीबद्दल हे बरोबर आहे. पण ऑटिझम असलेल्या माणसाच्या कानाला जो आवाज टोचतो तो त्याने मनात रचलेला नसतो. त्याला ‘सहन करायला शीक’ म्हणणं म्हणजे चटका बसणाऱ्याला तव्यावर हात ठेवायला लावणं. तिथे कान झाकणं, उठून जाणं, आवाज कमी करा म्हणणं हेच शहाणपण. परदेशात ऑटिझम आणि एडीएचडी असलेले थेरपिस्ट स्वतःच आता हे लिहू लागले आहेत. मुखवट्याबद्दलही ते लिहितात: इतरांसारखं दिसण्यासाठी दिवसभर स्वतःला दाबून धरायचं आणि रात्री घरी येऊन कोसळायचं. हे वाचताना आम्हाला आमचेच दिवस आठवले. शिकायला शहरात गेलो तेव्हा खोली मिळावी म्हणून आडनाव पुटपुटत सांगायचो, भिंतीवर फोटो लावायला घाबरायचो. दोन्ही गोष्टी एक नाहीत, जात हा काही मेंदूचा प्रकार नाही. पण लपवण्याने माणूस किती थकतो हे ज्याला माहीत आहे, त्याने दुसऱ्याला ‘जरा नॉर्मल वाग’ म्हणताना एकदा थांबावं.

आयांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराच्या आईला गेल्या पंधरा वर्षांत काय काय सांगितलं गेलं त्याची यादीच आहे: मागचं पाप, बाहेरची बाधा, नवस फेडला नाही, गरोदरपणात ग्रहण बघितलं. बाई बौद्ध आहे, बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, तरी लेकरासाठी दोनदा देवऋषाकडे जाऊन आली. आम्ही तिला बोललो नाही. जिथे डॉक्टरकडे जायचं तर एका दिवसाची मजुरी आणि दोघांचं भाडं जातं, तिथे देवऋषी गल्लीत असतो. तिला ‘स्वीकार’ म्हणजे ‘आशा सोड’ असं वाटायचं. आम्ही तिला म्हणालो, “ताई, आशा सोडायची नाही. लेकरू दुसऱ्या कोणासारखं होईल ही वाट बघणं तेवढं सोडा.” ती खूप रडली. पुढच्या महिन्यात तिने स्वतःहून त्याच्या खोलीतली ट्यूबलाइट काढून साधा पिवळा दिवा लावला.

हे काम मोठ्या शहरातल्या केबिनमध्येच होतं असं नाही, हे आमच्या पोरापोरींना मुद्दाम सांगायचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ॲक्टवर आधारलेला एक साधा कार्यक्रम बनवला आहे. पाच बैठका, रेकॉर्ड केलेला आवाज, चित्रांचं पुस्तक, आणि घेणारा माणूस डॉक्टर असण्याची गरज नाही. युगांडातल्या निर्वासित छावणीत दक्षिण सुदानच्या बायकांबरोबर त्याची मोठी चाचणी झाली आणि २०२० साली तिचे निष्कर्ष छापून आले. बायकांचा मानसिक त्रास कमी झाला होता. फडावरून परतलेल्या आमच्या बायकांना ह्याचा उपयोग का होऊ नये? आपल्या शेजारी गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने ऑटिझम असलेल्या लहान मुलांच्या आईवडिलांना घरी जाऊन शिकवण्याचा प्रयोग केला. शिकवणारे साधे आरोग्य कार्यकर्ते होते, तज्ज्ञ नव्हते. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन्ही ठिकाणी झालेला तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ती ॲक्ट नव्हे, पण कार्यकर्ता काय करू शकतो ते त्यातून दिसतं. आणि ऑटिझम असलेल्या मुलांसाठी शाळेतच सहा आठवडे ॲक्ट घेण्याचा स्वीडनमधला अभ्यास २०१४ चा आहे. ताण कमी झाल्याचं त्यात नोंदवलंय, पण मुलं मोजकीच होती. जादू कुठेच नाही, आणि तशी कोणी विकत असेल तर पैसे देऊ नका.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. ऑटिझम त्यात आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी नाही. त्यामुळे आमच्या थोरल्या पोराचं प्रमाणपत्र निघू शकतं आणि धाकट्याचं अडतं. मात्र शाळेतून होणाऱ्या बालकांच्या आरोग्य तपासणीच्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमात, जो २०१३ पासून चालू आहे, दोन्हींची नावं यादीत आहेत. तपासणीचं पथक शाळेत येतं त्या दिवशी आपला कार्यकर्ता तिथे हजर पाहिजे, कारण व्हरांड्यात उभं केलेलं पोरगं त्या दिवशी पथकाला दिसत नाही. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र निघालं तर पुढचे बरेच हक्क उघडतात. मदत म्हणून नाही, हक्क म्हणून मागा.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्याच घरातली. गेल्या मार्चमध्ये जयंतीच्या तयारीची मीटिंग होती. थोरल्या पोराची आई मागे उभी होती. तिने आम्हाला आधीच सांगितलं होतं, की १४ एप्रिलला डीजे गल्लीत शिरला की पोरगा कपाटात बसतो, कान दाबून, दोन-दोन तास. त्याला मिरवणूक बघायची असते. बाबासाहेबांचा रथ कुठल्या चौकात किती वाजता पोहोचतो ते तो दरवर्षी वहीत लिहितो, पण दुसऱ्यांना विचारून. आम्ही मीटिंगमध्ये मांडलं, की पाण्याच्या टाकीपासून विहाराच्या कोपऱ्यापर्यंत डीजे बंद ठेवू, दहा मिनिटं.

एक तरुण उठला. आमच्याच अभ्यासवर्गातला, हुशार. म्हणाला, “दादा, ह्या रस्त्यावरून आपल्या माणसाला चप्पल घालून चालता येत नव्हतं. इतकी वर्षं गप्प बसा म्हणून सांगितलं. आता वर्षातून एक दिवस आवाज काढतो, तर तोही कमी करायचा?” टाळ्या पडल्या. आम्हीही आतून हललो, कारण तो खोटं बोलत नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही हेच बोललो असतो. आम्ही एवढंच म्हणालो, की त्या आवाजात आपलाच एक जण कपाटात बसतोय, आणि त्याला गप्प बसवणारे आपण आहोत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. शेवटी पाच मिनिटांवर तडजोड झाली.

जयंतीच्या दिवशी टाकीपाशी डीजे थांबला. पाच मिनिटं नाही, तीन-साडेतीन मिनिटं. मग मागून कोणीतरी ओरडलं आणि ऑपरेटरने पुन्हा चालू केला. पण त्या तीन मिनिटांत घोषणा ऐकू आल्या, माणसांच्या गळ्यातल्या, आणि तो दारात आला होता. कानावर बांधकामावर वापरतात तसली जाड हेडफोनं, हातात वही. त्याने रथ बघितला, घड्याळ बघितलं, लिहिलं. आवाज सुरू झाला तसा आत गेला.

यंदाच्या मीटिंगला त्याला बोलवायचं ठरलंय. मिरवणुकीचं वेळापत्रक त्याच्याकडूनच करून घ्यावं, असं सुचवणारा तो मागच्या वर्षीचाच तरुण होता. आम्ही विचारलं तेव्हा पोरगा म्हणाला, येईन, पण बोलणार नाही, लिहून आणीन. आणि पंखा बंद ठेवा.

जय भीम.